हरेश्वरकाकांची रिकामी खेप

फोन आला तेव्हा मी घोलवडला चिकूच्या पेट्या भरत होते. चुलतभाऊ महेश म्हणाला, "बाबा गेले गं." हातातला चिकू मी कितीतरी वेळ तसाच धरून होते. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे हरेश्वरकाका मला काका कमी आणि बापच जास्त होते.

पूल व्हायच्या आधी डहाणूच्या खाडीत माणसं पलीकडे न्यायची ती आमच्या होडीवाल्यांनी. त्यांचं मंडळ होतं, खेपा वाटून घेतलेल्या होत्या आणि दुसऱ्याच्या खेपेचा उतारू कोणी पळवला की महिनाभर त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. काका भलते तापट. एकदा वाळीत टाकले गेले तर महिनाभर स्वतःच्या होडीशीच भांडत होते. मंडळाची एक रीत मात्र सगळे पाळायचे. होडीवाला गेला की बाराव्याला त्याच्या नावाची रिकामी खेप जायची. पलीकडे पोचल्यावर, ज्याने त्याच्या जोडीने वल्हं मारलं असेल, त्याने नाव घेऊन हाक मारायची, "उतर रे!" आणि त्याचं वल्हं तिथेच ठेवून यायचं. वल्हं घरी आणलं तर माणूस त्याच्या मागोमाग परत येतो, असं म्हणत.

माझे वडीलही होडीवाले; त्यांना काकांनीच उतरवलं. मग पूल झाला, होड्या विकल्या गेल्या, माणसं एकेक करून गेली. दोन हजार सोळा साली शेवटचे जोडीदार धोंडूकाका गेले. त्यांना उतरवून आले आणि ओटीवर बसून काका म्हणाले, "आता मना कोन उतरवल गो?" मी हसून विषय टाळला. चुलीपाशी काकीचे हात थांबलेले मला दिसले.

कारण काकांच्या जोडीने वल्हं मारलेलं एकच माणूस उरलं होतं. धोंडूकाका आजारी असले की काकीच दुसऱ्या वल्ह्यावर बसायची. पण उभ्या जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "महेशचे बाबा" म्हणायची, नाहीतर नुसतं "अवो".

बाराव्याला भरती पुरती चढली तेव्हा काकी एकटीच मागून आणलेल्या होडीत बसली. महेश आणि मी पुलावरून पलीकडे जाऊन उभे राहिलो. होडी हळूहळू आली. काकीने त्यांचं वल्हं चिखलात टेकवलं, तोंड उघडलं, आणि आवाजच फुटेना. पदर तोंडात धरून ती तशीच उभी राहिली... मला वाटलं, राहू दे, काही नको.

"हरेश्वर," ती म्हणाली. मग, त्यांनाच ऐकू जावं इतक्या हळू, "उतरा आता."

मी आयुष्यात एवढी रडले नाही. थोड्या वेळाने काकीने वल्हं उचललं आणि परत होडीत ठेवलं.

"काकी, ते हितंच ठेवायचं असतंय," मी म्हणाले.

"म्हाईत हाय मना," ती म्हणाली, आणि होडी वळवली.

वल्हं आता घरात दाराआड उभं असतं. काका लावायचे तसं काकी त्याला तेल लावते. परवा मी गेले तेव्हा तिने दोन पानं वाढली होती. मी बसायला गेले, तर म्हणाली, "थांब, तुझं वाढते."