गहू भिजत घाला

“वन्सं, गहू भिजत घाला,” वहिनी म्हणाली. संध्याकाळची वेळ होती, बाहेर चौकात तालमीच्या संघातली पोरं फुटबॉलच्या मॅचवरून हुज्जत घालत होती, आणि ती उशांना टेकून माझ्याकडे असं बघत होती की जणू उद्या घरात सण आहे. मी म्हणाले, “न्हाय भिजवत.” जन्मभर शाळेत शुद्ध मराठी शिकवली, पण राग आला की माझ्या तोंडून कोल्हापूरच बाहेर पडतं. वहिनी हसली... श्वास पुरत नव्हता तरी हसली. शेजारच्या पद्माक्काला तिच्याजवळ बसवून मी पिशवी उचलली आणि औषध आणायला म्हणून तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी गेली. त्याला आता काही आठवडे झाले.

त्या गव्हांचा मला एवढा राग का आला, हे कळायला वहिनी कोण होती ते सांगायला हवं. मार्था म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. हातकणंगल्याकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन शिवाजी पेठेत आमच्या दोन खोल्यांत आली, ती येताना बापाच्या शेतातल्या खपली गव्हाचं गाठोडं घेऊन आली. मी रूथ, माझं लग्न झालं नाही. शाळा आणि हे घर एवढाच माझा प्रपंच, आणि आधी भाऊ, मग त्याचा पोरगा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. नणंद-भावजय म्हटलं की लोकांचे कान टवकारतात. भांडलो की आम्हीही! कधी मिठावरून, कधी देवावरून. गोडातही चिमूटभर मीठ हवंच हा माझा हेका, आणि मिठाच्या बाबतीत ती हरायची.

खपलीची खीर आमच्याकडे सणाची. सोपं काम नाही ते. गव्हाला पाण्याचा हात लावून उखळात कांडायचे, कोंडा पाखडायचा, वाळवून डब्यात भरायचे. मग ज्या दिवशी खीर करायची त्याच्या आदल्या रात्री भिजत घालायचे, सकाळी मऊ शिजवायचे, आणि मग गूळ, खोबरं, सुंठ, जायफळ. म्हणजे मनात आलं आणि तासाभरात केली असली ही खीर नव्हे. तिची तयारी आदल्या रात्रीच लागते. वहिनी ती नाताळला करायची, ईस्टरला करायची आणि... घरात किंवा आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी वारलं की करायची.

हे वाचून दचकला असाल. तेव्हा अख्खी पेठ दचकली होती. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्या जेवणाला कडू घास म्हणतात. आमच्या गल्लीत हिंदू, जैन, ख्रिस्ती सगळे हा रिवाज पाळत आले आहेत. तो पहिल्यांदा मोडला वहिनीनं, आणि तोही स्वतःच्या पोराच्या वेळी. दानी तिचा एकुलता एक. पेठेच्या संघात फुटबॉल खेळायचा, अभ्यासात यथातथाच होता, हसायला लागला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचं. कळंब्याच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली आणि सगळं संपलं. त्या रात्री वहिनी दवाखान्यातून घरी आली, अंगावरची साडीही न बदलता स्वयंपाकघरात गेली, आणि डबा काढून गहू भिजत घातले. मला वाटलं हिचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी दफन झालं. पेटीला खांदा द्यायला सगळा संघ आला होता, जर्सी घालून. परत आलो तर दारात कडू घासाची पातेली येऊन थांबलेली, आणि आत वहिनी चूल पेटवत होती. रडत होती. तिला रडू येत नव्हतं असं कुणी समजू नका, तोंडावरून पाणी वाहत होतं आणि ती गूळ फोडत होती. पद्माक्का दारातूनच ओरडली, मयताच्या घरात हे काय चालवलंयस, लोक तोंडात शेण घालतील. पद्माक्का आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, जैन, वहिनीची जिवाभावाची मैत्रीण, आणि बोलायला फटकळ. वहिनीनं ढवळणं थांबवलं नाही. तिनं दिलेलं उत्तर मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

“अक्का, माझा बाप शेतकरी. पेरणी करून घरला आल्यावर आमच्यात कुणी सुतक धरलेलं मी बघिटलं न्हाय.”

त्या दिवशी ती खीर माझ्या घशाखाली उतरली नाही. संघातल्या पोरांनी मात्र ओसरीत बसून खाल्ली, खाली माना घालून, नाकं पुसत. एकानं वाटी पुढे करून परत मागितली... दानीही असाच परत मागायचा. वहिनीनं त्याच्या वाटीत वाढलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं हंबरडा फोडला. वाढणं झाल्यावर.

तेव्हापासून आमच्या मंडळीत कुणी वारलं की वहिनीचं पातेलं तिथं हजर. हे पातेलं वेगळं होतं. आमच्याकडे मटण शिजतं, म्हणून खिरीचं पातेलं तिनं पद्माक्कासाठी म्हणून निराळं ठेवलं होतं, त्याला कधी दुसरं काही लागू दिलं नाही. अक्का दिवस मावळला की तोंडात काही घालत नाही, म्हणून दफनाहून आल्याबरोबर वहिनीची धावपळ चाले, उन्हं असताना खीर व्हायलाच हवी. अक्का प्रत्येक वेळी शिव्या घालायची आणि प्रत्येक वेळी वाटी घेऊन जायची.

वहिनीच्या या उद्योगात फजितीही झाली. आमच्या मंडळीतले एक म्हातारे मास्तर दवाखान्यात अगदी शेवटच्या घटका मोजत होते, डॉक्टरांनी नातेवाईकांना बोलवा म्हणून सांगितलं होतं. झालं, वहिनीनं रात्री गहू भिजत घातले. आणि सकाळी मास्तर उठून बसले, चहा मागू लागले! आता भिजलेल्या गव्हांचं काय करायचं? टाकायचे म्हणजे पाप. वहिनीनं खीर केली, डबा भरला आणि सरळ त्यांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिली. मास्तर हुशार, त्यांनी विचारलं, ही माझीच का? वहिनी म्हणाली, तुमचीच, खावा की, पुढच्या खेपेला परत करतो. मास्तरांनी दोन वाट्या खाल्ल्या, आणि पुढं बरीच वर्षं जगले. उपासनेला आले की माझ्याकडे वाकून विचारायचे, बाई, भिजत घातलेत का? त्यांची पुढची खेप आली तेव्हा वहिनीनं दिलेला शब्द पाळला.

सगळेच मास्तरांसारखे नव्हते. मंडळीच्या पंचांत कुरबुर सुरू झाली. चर्चमध्ये नवीन पाळक आले होते, भले गृहस्थ, पण लोकांनी त्यांचेही कान भरले की बाहेरचे हसतात, म्हणतात यांच्यात माणूस मेलं की गोडधोड करतात. एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी वहिनीला सौम्यपणे सुचवलं, की दुःखाच्या घरात दुःखाचं भान असावं. मी शेजारीच उभी होते. वहिनी पाळकांचा मान राखणारी बाई, पदर सावरून उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, दर रविवारी आपण उभं ऱ्हाऊन म्हणतो, मेलेली उठणार म्हणून. ते खरं हाय, का नुसतं म्हणायचं हाय?” पुढच्या मयताला वाटी घेऊन पहिले तेच उभे होते, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

मला स्वतःला विचाराल तर माझा विश्वास वहिनीसारखा कधीच नव्हता. मी बायबल वाचलेली, तिनं ते धरलेलं. मी प्रार्थनेत मान खाली घालायची आणि मनात शंका काढायची. दानी गेल्यावर तर मी देवाशी कित्येक महिने बोललेच नाही, आणि तसं वहिनीला सांगूनही टाकलं. ती म्हणाली, नका बोलू, मी तुमच्या वाटणीचं बोलतो. तिचं हे असं असे. माझ्यावर कधी उपदेशाची जबरदस्ती केली नाही, फक्त डब्यातले गहू कधी संपू दिले नाहीत. मला ते डोळ्यांसमोर नको वाटायचे. फळीवरचा तो पितळी डबा म्हणजे मला घरात आणून ठेवलेलं मरण वाटायचं.

म्हणून त्या संध्याकाळी मी नाही म्हणाले. गहू भिजवले म्हणजे तिचं जाणं मी कबूल केलं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. नाहीच भिजवले तर उद्याचा दिवस कसा उजाडतो बघू... साठी उलटलेल्या बाईनं हा हट्ट धरला होता. उद्याचा दिवस उजाडला, आणि तिच्याविना उजाडला. दुपारी तिला नेलं. दानीच्या आणि भावाच्या शेजारी जागा होती. दानीच्या संघातली पोरं आता बापे झालीत, काहींची टक्कलं पडलीत, त्यांनीच खांदा दिला. माती टाकताना माझ्या हातातून ढेकूळ सुटेना. पाळकांनी माझा हात धरला.

घरी आले तर ओसरीत कडू घासाची पातेली रांगेनं मांडलेली. पिठलं, भाकरी, कुणाची आमटी. सगळ्यांची नजर एकदा स्वयंपाकघराकडे वळून आली, ते मला दिसलं. चूल थंड होती. जिनं सगळ्या मंडळीच्या मरणाला खीर शिजवली, तिच्या मरणाला या घरात पिठलं होतं, आणि ते माझ्यामुळे. आत जाऊन मी फळीवरचा डबा खाली ओढला. काय करणार होते मलाच माहीत नव्हतं, न भिजलेले गहू शिजत नाहीत. झाकण उघडलं तर डबा रिकामा.

तेवढ्यात मागच्या दारातून पद्माक्का आली. तिच्या कमरेवर ते निराळं पातेलं होतं, आणि पातेल्यात टपोरे फुगलेले गहू. माझ्या तोंडाकडे बघून तिनं पातेलं चुलीशेजारी आदळलं. काल तू औषधाला गेलीस तेव्हा तिनंच मला डबा काढायला लावला, असं तिनं सांगितलं. “म्हणाली, रूथ काय भिजवायची न्हाय. ती भांडत बसंल. तू भिजव.” एवढं बोलून अक्कानं पदरानं डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “बघतीस काय? पेटव की चूल. उन्हं हायेत तवर मला खायाचं हाय.”

मयताच्या घरात चूल पेटवू नका म्हणून जन्मभर ओरडणारी बाई मला चूल पेटव म्हणत होती. मी पेटवली. अक्कानं गूळ फोडला. आम्ही दोघी रडत होतो आणि दोघींचे हात चालू होते, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की वहिनी त्या दिवशी, दानीच्या दिवशी, नेमकं काय करत होती. मी गहू न भिजवता मरणाला अडवायला निघाले होते. तिनं त्याला कधी अडवलंच नाही. ये म्हणाली, आणि तू आलास तरी आमच्या घरची चूल विझत नाही हे त्याला दाखवून दिलं. खीर झाली तेव्हा ऊन समोरच्या भिंतीवर होतं. पाळकांनी खाल्ली, संघाच्या बाप्यांनी खाल्ली. मीही खाल्ली. मीठ टाकायला मीच विसरले होते, आणि आता ते वहिनीला सांगायची सोय नव्हती.

शाळेतल्या एक जुन्या सहकारी बाई परवा भेटायला आल्या होत्या. पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन वगैरे सगळं मनाच्या समाधानासाठी असतं, असं त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या. मी म्हणाले, हो, समाधान होतंच. भाकरीनंही समाधान होतं, म्हणून भाकरी खोटी ठरते का? माझ्या शंका संपल्या असं मी म्हणत नाही, माझा स्वभाव एवढ्यात बदलायचा नाही. पण वहिनी संपली, हे मी मानत नाही. तिच्या नावामागे कैलासवासी लावू दिलं नाही, चौकातल्या बोर्डावर पोरांनी श्रद्धांजली लिहिली होती ती पुसायला लावली आणि ‘पुन्हा भेटू’ असं लिहून घेतलं. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मला माझी वहिनी परत भेटणार आहे, आणि भेटली की मिठाचा विषय मीच काढणार आहे.

गेल्या आठवड्यात बाजारातून खपली आणली. उखळ अंगणातच आहे. माझ्या खांद्यांना मुसळाची सवय नाही, दोन दिवस हात वर होत नव्हता. अक्का पाखडायला येऊन बसली होती. सूप हलवता हलवता माझ्याकडे न बघताच म्हणाली, “माझ्या येळंला बी कर. पण उन्हं असताना.” मी विचारलं, अक्का, तुमच्यात हे चालतं का? ती म्हणाली, “ते माझं मी बघतो. तू भिजवायचं इसरू नको.”

डबा भरून फळीवर ठेवला आहे, वहिनी ठेवायची तिथंच. येता-जाता मी त्याच्याकडे बघते, आता बघवतं. मरणाला या घरी पुन्हा यायचंच असेल तर खुशाल यावं. त्याच्या आदल्या रात्री इथं गहू भिजत पडलेले असतील.