रिकाम्या डब्याला हिरवा स्टिकर

अठरा वर्षं तिनं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांचं जेवण रांधलं. मग आरोग्याचं धोरण आलं. जेवणात तेल-मीठ जास्त, असा ठपका ठेवून वरच्यांनी स्वयंपाकघरच बंद केलं. कमी करा म्हणाले असते तर तिनं केलं असतं. पण ज्याला कधी कांदा चिरायचा नाही, त्याचं चूल बंद करायला काय जातं! पोरांनी घरून डबे आणायचे ठरलं आणि तिला फाटकाशी टेबल टाकून ते तपासायला बसवलं. तेव्हापासून ती डबेमावशी.

काम सोपं. डब्यात गोड, तळलेलं, मैद्याचं दिसलं की ते बादलीत आणि झाकणावर लाल स्टिकर. नाहीतर हिरवा. महिन्यात सगळ्यात कमी लाल मिळवणाऱ्या वर्गाला बक्षीस काय, तर प्रत्येकी एक मोठं चॉकलेट. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुसरीतल्या एका बारक्या पोरीला मावशी चिमणी म्हणायची. आई पहाटेच कपडे धुण्याच्या कारखान्यात जायची, म्हणून चिमणी आपल्या हातानं पावाला जाम लावून आणायची. तीन दिवस मावशीनं तो पाव बादलीत टाकला. वर्गातली पोरं चिमणीवर दात खाऊ लागली, "तुझ्यामुळे आमचं चॉकलेट जाणार!" चौथ्या दिवशी मावशीनं डबा उघडला, तर आत काहीच नाही. धुऊन पुसून लख्ख.

"अगं, खाऊ कुठाय?"

"हिरवा द्या ना, मावशी. वाईट काहीच नाहीये यात."

नियमात रिकाम्या डब्याचं नावच नव्हतं. मावशीनं हिरवा लावला. मधल्या सुट्टीत मात्र तिनं आपल्या डब्यातलं उकडलेलं अंडं हळूच पोरीच्या हातात ठेवलं, ते नेमकं मुख्याध्यापक बाईंनी पाहिलं.

"कुणाला कशाची ॲलर्जी असते, माहीत आहे का तुम्हाला? पुन्हा दिसलं तर उद्यापासून येऊ नका."

"पण बाई, ती उपाशी असते हो. आज तर डबाच रिकामा आणलाय."

"आईला चिठ्ठी देऊ."

चिठ्ठी दप्तरातच राहिली. आई परतायची तेव्हा पोर झोपलेली असायची. मावशीच्या घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. नोकरी गेली तर त्याच्या औषधाचं काय, म्हणून ती तोंड दाबून रोज हिरवा लावत गेली. तिला स्वतःची लाज वाटायची. पण लाजेनं पोरीचं पोट थोडंच भरणार होतं?

महिनाअखेर चिमणीचा वर्ग जिंकला. लख्ख डबा हातात धरायला लावून शाळेनं तिचा फोटो काढला, तो फाटकाशीच लावला. बाकीच्या पोरांनी चॉकलेटं जागच्या जागी फस्त केली.

दुसऱ्या दिवशी चिमणी उड्या मारत टेबलापाशी आली. "मावशी, आज मी डबा भरून आणलाय!"

आत ते चॉकलेट होतं. कागदही न काढलेलं.

मावशीनं मागं पाहिलं. बाई तिथंच उभ्या होत्या. "बाई, हे आपणच दिलेलं."

"बक्षीस वेगळं, डबा वेगळा. नियम सगळ्यांना सारखा."

मावशीनं चॉकलेट उचललं आणि बादलीत टाकलं. लाल स्टिकर काढताना डोळ्यांतल्या पाण्यानं तिला नीट दिसेना, तो काही केल्या सुटेना. चिमणीनंच तो सोडवून दिला आणि झाकण पुढं केलं.

"रडू नका ना, मावशी. उद्या परत रिकामा आणते."