अकरा नावांचा फोन

जलाल मुकादम घाबरट होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. पालीला घाबरायचा, विमानाला घाबरायचा, इकाम्याची, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याची, मुदत संपत आली की त्याला अन्न गोड लागायचं नाही. पण हातात विकेटकीपरचे ग्लोव्ह्ज चढले, की हाच माणूस दहा जणांवर असा खेकसायचा, की सौदीतल्या दम्मामच्या त्या उजाड मैदानाकडेला चहा पीत बसलेले ट्रकवाले पठाणसुद्धा दचकायचे. एसीच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर, वय बेचाळीस, आणि अकरा वर्षं खारपेठ संघाचा कॅप्टन.

खारपेठ हे रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव. घरटी एक माणूस आखातात. गावात फोन एकच, तोही पोस्टात, आणि पोस्ट सांभाळायच्या सुधाताई. दर शुक्रवारी सकाळी मॅच व्हायची, मग जुम्याची नमाज, मग कॅप्टन सीको बिल्डिंगच्या गल्लीतल्या टेलिफोन केबिनीत शिरून पोस्टात फोन लावायचा. तीन मिनिटं. तीन मिनिटांत कुणाकुणाची खुशाली सांगणार? म्हणून जलालच्याही आधीच्या कॅप्टनने रीत पाडली होती: संघाची अकरा नावं वाचायची, स्कोअर सांगायचा, खलास. सुधाताई नावं कागदावर उतरवून दाराला चिकटवायच्या. नाव आलं, म्हणजे माणूस धडधाकट आहे, मैदानात धावतोय. बायका यायच्या, नाव बघायच्या आणि घरी जाऊन मासे साफ करायला बसायच्या. हरलो का जिंकलो, हे गावात कुणी ढुंकून विचारत नसे.

विचारत नसे ते एका परीने बरंच होतं, कारण संघ सडकून हरत होता. लागोपाठ नऊ मॅच. नबील म्हणून चोवीस वर्षांचा पोरगा होता, ट्रेडिंग कंपनीत टायपिस्ट, बॅटिंग झकास आणि जीभ त्याहून धारदार. तो म्हणायचा, "जलालभाय, ही म्हाताऱ्यांची जमात मोडा. नवी पोरं घ्या. दोन वर्षं हरू, मग पाच वर्षं आपलाच कप." जलाल म्हणायचा, "अरे, दोन वर्षं हरायला इथे दोन वर्षं राहणार कोण? आहेत त्यांनीच यंदा एकदा जोर लावायचा." दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण काही मिटत नव्हतं.

मग नव्वदच्या ऑगस्टात कुवेत इराकच्या घशात गेलं आणि भांडणाचा निम्मा निकाल परस्पर लागला. जुन्यांपैकी दोघे सामान बांधून जेद्दाला शराफिया मोहल्ल्यातल्या नातेवाइकांकडे पळाले, दोघे सरळ गावाला गेले. त्यांच्या जागी नवी पोरं आली. जानेवारीत लढाईला तोंड फुटलं, तेव्हा म्हाताऱ्यांतले दोनच उरले होते. एक जलाल. दुसरा नसरुद्दीन, जलालहून सहा वर्षांनी मोठा, त्याचा खोलीतला साथी, गावातला शेजारी. नसरूभाय स्लो बॉलिंग टाकायचा. स्लो म्हणजे इतकी, की बॅट्समनला बॉल येईपर्यंत कुठे मारायचा याचा निवांत विचार करता यायचा.

लढाईतसुद्धा क्रिकेट? तुम्ही विचाराल. अहो, मग करायचं काय? खोलीच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल, रेडिओला कान. गॅसचे मास्क साहेबलोकांपर्यंत येऊन संपले होते. शुक्रवारी दिवसभर त्या खोलीत बसलं, की डोकं फिरायची वेळ यायची. म्हणून मैदान. बहुतेक संघांनी गाशा गुंडाळला होता. खारपेठ आणि खाडीपलीकडच्या पैलपाड गावची माणसं, एवढेच एकमेकांशी खेळत राहिले.

लढाईतल्या दुसऱ्या शुक्रवारी, भर दहा वाजता, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. पळापळ झाली. पोरं रस्त्याखालच्या मोरीत घुसली. जलाल स्टंपांमागे होता तिथेच पालथा पडला, तोंड वाळूत. काही पडलं नाही, काही फुटलं नाही. धोका टळल्याचा भोंगा झाला, सगळे परत आले, आणि जलालला उठताच येईना. नबीलने काखेत हात घालून उभं केलं, तेव्हा पोराला दिसलं की कॅप्टनची पँट ओली झालीय. नबील एक शब्द बोलला नाही. अंगातला स्वेटर काढून त्याने जलालच्या कमरेला बांधला. त्या न बोलण्याने जलाल अर्धमेला झाला.

बुधवारी खोलीवर बैठक झाली. सरहद्दीवरच्या खफजीत इराकी शिरल्याची बातमी तेव्हा रेडिओवर होती; खफजी आणि दम्माम यांच्यामध्ये नुसता एक सरळ रस्ता. नबील म्हणाला, "आणखी एक पोरगं आलंय. चांगलं खेळतं. उरलेत तुम्ही दोघे. एकाने बसायचं."

आठवड्यापूर्वी जलालने त्याला तोंडावर झोडपला असता. आता त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती: हा सांगेल. सगळ्यांसमोर सांगेल. आणि मला बसवलं, की लोक विचारतील का बसवलं. त्याने नसरूभायकडे न बघता म्हटलं, "नसरूभायला बसवू. फार धावा जातात." नसरुद्दीन हसला, म्हणाला, "जातात खऱ्या," आणि उठून भात लावायला गेला. इतका सज्जन माणूस! शिव्या दिल्या असत्या तर जलालला जरा तरी बरं वाटलं असतं.

शुक्रवारी नवा संघ खेळला आणि, काय सांगू, जिंकला. कित्येक महिन्यांनी! नमाजेनंतर जलालने केबिनीत शिरून फोन लावला. लढाईमुळे लाइन लागता लागत नव्हती, चाळीस मिनिटांनी लागली. घाईघाईने त्याने अकरा नावं वाचली, जिंकलो म्हणून ओरडला, आणि लाइन तुटली. छाती पुढे काढून तो खोलीवर आला.

नसरुद्दीन मासळी तळत होता. पाठमोऱ्यानेच विचारलं, "माझं नाव वाचलंस ना रे?"

"तू कुठे संघात..." जलाल म्हणाला, आणि वाक्य तिथेच राहिलं.

गावात रेडिओ लागत होता. खफजी, दम्माम, क्षेपणास्त्रं, सगळं गावाला कळत होतं. आणि पोस्टाच्या दारावर आज जो कागद लागला, त्यावर नसरुद्दीनचं नाव नव्हतं. जे चौघे गेले होते, त्यांचं गावाला आधीच ठाऊक होतं. नसरुद्दीन गेल्याचं कुणी कळवलेलं नव्हतं. त्याच्या घरात दुसरं कुणी नव्हतं, एकटी त्याची आई, हव्वाबी. पंचाहत्तर वर्षांची, काळीज आधीच दुबळं, डॉक्टरांनी जिना चढायलासुद्धा मनाई केलेली.

"या अल्ला," नसरुद्दीन एवढंच म्हणाला. कढईतला बांगडा जळून कोळसा झाला तरी त्याने गॅस बंद केला नाही.

जलाल तसाच अनवाणी केबिनीकडे धावला. लाइन नाही. शनिवारी कामाला दांडी मारून पाच तास रांगेत उभा. लाइन नाही. रविवारी गावचं पोस्ट बंद. त्या तीन दिवसांत भोंगे दोनदा वाजले, आणि जलालला आयुष्यात पहिल्यांदा भोंग्यापेक्षा दुसऱ्या कशाची तरी जास्त भीती वाटली. डोळा मिटला की म्हातारी दिसायची, पोस्टाच्या दाराशी, कागदावर बोट ठेवून नावं दुसऱ्याकडून वाचून घेताना. मी मारली तिला, तो स्वतःशी म्हणायचा. स्वतःची अब्रू झाकायला मी म्हातारी मारली.

सोमवारी लाइन लागली. नसरुद्दीन केबिनीत त्याला खेटून उभा होता.

"अहो, कुठे आहात तुम्ही!" सुधाताई जवळजवळ ओरडल्या. "नसरुद्दीन गेले ना? मशिदीत त्यांची गैबी नमाज झाली काल."

गैबी नमाज म्हणजे समोर मय्यत नसताना पढलेली जनाज्याची नमाज. दूर परक्या मुलखात मेलेल्यासाठी पढतात. स्वतःच्या जनाज्याची नमाज झाल्याचं ऐकत नसरुद्दीन उभा होता आणि त्याच्या दाढीतून पाणी गळत होतं.

"जिवंत आहे तो! इथे उभा आहे! चाची कशी आहे?"

"आहेत. पण शुक्रवारपासून नुसत्या कोऱ्या चहावर आहेत. इथेच बसल्यात, पोस्टाच्या बाकड्यावर. देते."

नसरुद्दीनने रिसीव्हर घेतला आणि "मा" म्हणून हंबरडा फोडला. पलीकडे खरखर, मग एक कोरडा आवाज. "कोण रे तू? माझा नसरू असा रडत नाय. माझी समजूत घालायला कुणाला तरी उभा केलाय." जलालने रिसीव्हर ओढून घेतला. "चाची, मी जलाल. अल्लाची शपथ, हा तोच."

"शपथा नको घालूस. तू नाव वाच. मॅचमध्ये असला तर नाव वाच."

"आज सोमवार आहे गो चाची."

"मग शुक्रवारी वाच," म्हातारी म्हणाली, आणि लाइन गेली.

शुक्रवारपर्यंत चार दिवस. नबील म्हणाला, मॅच झाली नाही तरी नाव वाचून टाका, कोण बघतंय! पण पैलपाडचा कॅप्टनही त्याच पोस्टात फोन करायचा, आणि सुधाताई दोन्ही कागद शेजारी शेजारी लावायच्या. खोटं तासाभरात उघडं पडलं असतं, आणि मग म्हातारीने परत कशावरही विश्वास ठेवला नसता. मॅच व्हायलाच हवी होती.

"एकाने बसायचं ना?" जलाल नबीलला म्हणाला. "मला बसव. मी फोन करतो, माझा आवाज गावाला ऐकू जातो, मला नावाची गरज नाही. आणि हे बघ, त्या दिवशी माझी पँट ओली झाली होती, ते सांगायचं तर खुशाल सांग." खोलीत आणखी सहा जण होते, सगळ्यांनी ऐकलं. नबील लाजला. "मी कशाला सांगू? मोरीत आमचं काय झालं ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे!"

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा भोंगा झाला. शुक्रवारी पैलपाडची नऊच माणसं आली, तीही निघायच्या घाईत. जलाल अंपायर म्हणून उभा राहिला. नसरुद्दीन ओव्हर टाकायला आला आणि तीन बॉलनंतर भोंगा वाजला. सगळे मोरीत. जलालही मोरीतच, गुडघ्यात डोकं घालून, दात वाजताहेत, तोंडाने कलमा. शूर वगैरे तो काही झाला नव्हता. बाहेर आल्यावर पैलपाडवाले म्हणाले, बस झालं, जीव जास्त झालाय का? यल्ला, घरी.

"ओव्हर पुरी करा," जलाल म्हणाला. "तीन बॉल. हात जोडतो. याची आई उपाशी बसलीय." मग त्याने त्यांना सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा. पैलपाडचा कॅप्टन बॅट घेऊन परत खेळपट्टीवर गेला. उरलेले तीन बॉल पडले. तिन्ही मैदानाबाहेर गेले.

त्या दिवशी लाइन दीड तासाने लागली. सुधाताई म्हणाल्या, "थांबा, हव्वाचाचींच्या कानालाच लावते, त्यांना स्वतः ऐकायचंय." जलालने नावं वाचायला सुरुवात केली. नबील. मग एकेक पोरगं. मग अकरावं. "नसरुद्दीन."

पलीकडे नुसती खरखर. शेजारी नसरुद्दीनने केबिनीची काच दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"बॉल टाकला त्याने?" शेवटी म्हातारीने विचारलं.

"टाकला, चाची. एक ओव्हर."

"विकेट किती काढल्या?"

जलालला क्षणभर वाटलं, एक सांगावी. दोन सांगाव्यात. उपाशी म्हातारीला तेवढाच आनंद. पण आता खोटं बोलायची त्याला भीती वाटली. "एकही नाही गो. सहा बॉलांत सत्तावीस धावा दिल्या. धू धू धुतलं त्याला."

खरखरीतून एक आवाज आला. आधी जलालला वाटलं, रडतेय. मग कळलं, हसतेय.

"मग तोच," हव्वाबी म्हणाली. "सुधा, भात वाढ गो मला."