सात जणांचं घर

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. ज्यांचं नावही मला ठाऊक नाही त्यांच्याविषयी लिहायचं धाडस करतोय, माफ करा.

ते इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात आमच्या दारी सरकारी सर्वेक्षणासाठी आले. बेल वाजवून दोन पावलं मागे सरले आणि ओळखपत्र छातीशी धरून उभे राहिले. माझं आडनाव ऐकल्यावर मराठीत विचारलं, "इथे किती जण राहतात?"

आम्ही सात जण होतो. चारच सांगा, नाहीतर बाहेर काढीन, असं घरमालकाने बजावलं होतं.

"चार," मी म्हणालो.

त्यांनी दारातल्या बुटांकडे पाहिलं. "बूट बरेच दिसतात."

"मित्र आले होते, काका."

"आणि अनवाणी गेले?" हसून त्यांनी टॅबलेटवर चार लिहिलं. "मी बूट मोजत नाही. तुम्ही सांगाल ते लिहितो. चुकलं असेल तर कळवा, आकडा दुरुस्त होतो."

आठवड्याने त्यांच्या ऑफिसातून पडताळणीचा फोन आला. आमचा माणूस खरंच आला होता का? खोटं पकडलं जाईल या भीतीने म्हणालो, "कोणीच आलं नाही."

फोन ठेवल्यावर उमगलं, आता त्या काकांनी तो आकडा घरी बसून लिहिला असंच ठरणार. मग दारातून टपाल पडलं की मी दचकायचो. शेवटी सगळं खरं लिहून पाठवलं.

काल उत्तर आलं. तुमच्या घराची नोंद सात अशी दुरुस्त केली आहे. तुमच्याकडे आलेले मुलाखतकार मात्र आता आमच्याकडे काम करत नाहीत.