पिशवीत राहिलेला नारळ

मी सातवीत असताना माझे वडील दर्यावर गेले आणि परत आले नाहीत. त्याच वर्षी नारळी पौर्णिमेला आईने नेहमीसारखा सोन्याचा कागद लावलेला नारळ समुद्राला दिला होता. मी तिच्या शेजारीच उभी होते. पुढे माझी शाळा सुटली, डोक्यावर मासळीची पाटी आली. आईचा देवावर राग नव्हता. माझा होता. नारळ दिला तरी माणूस गेला, मग द्यायचा कशाला, हा प्रश्न माझ्या मनात घट्ट बसला आणि लग्न होऊन गुजरातेत राजकोटला आले तरी सुटला नाही. सासरी मी दिवा लावायचे, पण तो हाताने लावायचे एवढंच.

दुसरी गोष्ट राहिली ती भीती. मला सायली एकुलती एक. तिला मी पाण्याजवळ म्हणून जाऊ दिलं नाही. तिच्या शाळेतून दर वर्षी पोहायला नेण्यासाठी परवानगीचा कागद यायचा आणि दर वर्षी मी तो सही न करता परत पाठवायचे. मालवणच्या कोळ्याची नात नऊ वर्षांची झाली, तरी गुडघाभर पाण्यात उतरलेली नव्हती.

कोकण रेल्वे सुरू होऊन पाचसहा वर्षं झाली असतील. त्या साली मी सायलीला घेऊन चतुर्थीला माहेरी आले. गणपती गेल्यावर माझा मोठा भाऊ, दादा, म्हणाला की पोरांना झरे आणि धबधबा दाखवून आणूया. मासळीचा टेम्पो त्याने चिंच लावून धुतला, मागे चटया टाकल्या. तरी वास काही गेला नाही. दादाची दोन मुलं नि सायली मागे बसली, मी आणि दादा पुढे. निघताना आईने माझ्या पिशवीत नारळ घातला. म्हणाली, "तळीवरच्या देवाक ठेव. चेडवासाठी, सायलीसाठी गाऱ्हाणा घाल." गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं मागणं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी आमच्याकडची रीत.

मसुऱ्याच्या पुढे एका देवळामागे ती तळी होती. तळाशी जांभ्या दगडाचा तांबडा, कडेला शेवाळाचा हिरवा, मध्ये आभाळाचा निळा, असं ते रंगारंगाचं पाणी. टाळी वाजवली की तळातून बुडबुडे वर येत आणि उन्हात प्रत्येकाचा रंग निराळा दिसे. पोरं टाळ्या वाजवून थकली. मी मात्र सायलीच्या फ्रॉकचं टोक धरून उभी होते. देवळात आले, नारळ पिशवीतून अर्धा काढला, आणि काय झालं कोण जाणे, परत आत ढकलला. "ठेवलंस?" दादाने विचारलं. मी म्हटलं, "घरी आमटीला होईल." तो हसला. "गुजरातची शेठाणी झालंस गो तू."

नांदगावच्या आतल्या बाजूला धबधबा होता. दादाने टेम्पो उभा केला आणि दर्यावरचा माणूस पाहतो तसं आधी आभाळ पाहिलं. डोक्यावर लख्ख ऊन. "पावस नाय. बिनधास्त जावा," तो म्हणाला. चूक तिथेच झाली. आम्ही किनाऱ्यावरची माणसं, डोक्यावरचं आभाळ वाचतो. वर सह्याद्रीत कोसळलेला पाऊस इथे उन्हात उतरतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

धबधब्याखाली प्रवाहाच्या मधोमध एक काळा सपाट खडक होता. दादाची मुलं केव्हाच तिथे जाऊन बसली. सायली माझ्याकडे बघत राहिली. दादा म्हणाला, "सोड गो तिका. पदराक बांधून किती वर्सां ठेवतलंस?" आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा हात सोडला. घावण्यांचा डबा घेऊन ती पाण्यातून चालत खडकावर गेली, चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि हसली. वर नारळ दिसणारी पिशवी शेजारी ठेवून मी काठावर मोजत बसले होते, आता बोलवू, आता बोलवू.

एवढ्यात वरच्या पायवाटेने एक म्हातारा आला. कमरेला कोयता, डोक्यावर गवताचा भारा. भारा टाकून तो आमच्याकडे पाहत राहिला.

"गाऱ्हाणा घातलास काय?"

"आमी दर्यावयले," दादा म्हणाला. "आमचो देव आमका वळाखता."

"दर्या थंय. हयसरचा पाणी ह्याचा." त्याने मागे चढावर झाडाखालच्या शेंदूर नसलेल्या एका दगडाकडे बोट केलं. "पिशयेत नारळ आसा मा? घेवन ये तो. आणि पोरांक वर बोलाव."

"पोरां बसांदेत. आमी दोघां येतंव."

"तसा चलाचा नाय. 'व्हय म्हाराजा' म्हणूक सगळी होयी."

सगळी हवीत म्हटल्यावर दादा वैतागला. मला मात्र निमित्तच हवं होतं. भक्तीने नाही, भीतीने, मी पोरांना हाका मारल्या. ती कुरकुरत आली. "आत्ते, डबो थंयच रवलो," दादाचा धाकटा म्हणाला. मी म्हटलं, राहू दे, लगेच परत जायचंय.

दगडापुढे आम्ही पाच जण हात जोडून उभे राहिलो. म्हातारा संथपणे सुरू झाला, "बा देवा म्हाराजा, आज ही पोरांबाळां तुझ्या पाण्यार इली आसत..." "व्हय म्हाराजा." "तेंच्या हातून काय चुकला-माकला आसात तर पदरात घे..." "व्हय म्हाराजा." "सुखान इली तशी सुखान परत ने रे म्हाराजा..."

तिसऱ्यांदा "व्हय" म्हणायला तोंड उघडलं आणि मागचा आवाज बदलला. वाऱ्यासारखा, मग मोठी गाडी यावी तसा. मी वळले. गढूळ तांबडं पाणी कड्यावरून एका लोटात खाली आलं. त्यात लाकडं होती. खडक दिसेनासा झाला. मी ज्या काठावर बसले होते तो काठही गेला. वर ऊन तसंच होतं. सायली माझ्या अंगाला लागून उभी होती आणि तरीही मी तिला त्या पाण्यात शोधत होते. पोरं हात जोडूनच उभी होती, कारण गाऱ्हाणं संपलं नव्हतं.

म्हाताऱ्याने ते पुरं केलं, नारळ फोडला, एक वाटी माझ्या हातावर ठेवली, दुसरी गवतात खोचली आणि भारा उचलून गेला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. दादा टेम्पोत चाक धरून बसला. चावी फिरवेना. म्हणाला, "गो, ह्या पाण्यात माका पण पोवाक जमला नसता." सायली अनवाणी होती. मी तिचे पाय मांडीवर घेऊन घरी येईपर्यंत चोळत होते.

पुढच्या वर्षी मी त्याला शोधत गेले. मनात धरलं होतं की असा कोणी माणूस तिथे नाहीच असं लोक सांगतील. पण तो होता. अंगणात गवत पसरत होता. मी पाया पडले तर संकोचला. "माका खंयची म्हायती पाणी येतला ती?" तो म्हणाला. "तुझ्या पिशयेत नारळ दिसलो. गाऱ्हाणा घालणाऱ्याक अर्दो वाटो गावता. म्हणान हाक मारलंय."

म्हणजे वाट्याला येणाऱ्या अर्ध्या नारळासाठी त्याने आम्हाला वर बोलावलं होतं. पाणी पाहून बसला नव्हता इतका धक्का मला तेव्हा बसला. तो नारळ देवळात ठेवला असता तर? मी रागाने जे दिलं नाही, तेच पिशवीत राहिलं आणि त्याला दिसलं. त्याने मागितलं ते स्वतःसाठी. मी पोरांना बोलावलं ते भीतीने. आमच्यापैकी कोणाचंच मन स्वच्छ नव्हतं, तरी आम्ही सगळे दगडापाशी पोचलो.

वडील का गेले, हे मला अजून कळलेलं नाही. आता मी तो हिशोब मागत नाही. गाऱ्हाणं घालणारा काय काय मागतो, त्यातलं मला निम्मं समजत नाही, मला फक्त "व्हय" म्हणायचं असतं. ते म्हणायला मला एवढी वर्षं लागली.

राजकोटला परतल्यावर सायलीच्या शाळेतून पोहण्याचा कागद पुन्हा आला. दोन दिवस तो देवापुढे पडून होता. तिसऱ्या दिवशी माझ्या सातवीतल्या अक्षरात मी त्यावर सही केली. सही जराशी वाकडी आली.