सुईची खूण

"टाका दिसला, की शिंपी हरला."

हे त्याचं वाक्य. दिवसातून दोनदा तरी म्हणायचा, एकदा काम हातात घेताना आणि एकदा खाली ठेवताना. सुई मात्र त्याने जन्मात धरली नव्हती. तो वेल्डर होता. लोखंड शिवायचा, म्हणून हमरस्त्यावर सगळे त्याला शिंपी म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी धुराने कधीच काळी पडली होती आणि पुसावी असं कुणाला वाटलं नाही. त्यालाही नाही.

माझं पंक्चरचं दुकान त्याच्या समोर. बावीस वर्षं मी त्याच्या ठिणग्या पाहिल्या. काळी काच डोळ्यांवर ओढली की त्याचं बोलणं थांबायचं. डावा हात सावकाश सरकायचा, इतका सावकाश की बघणाऱ्याला जांभई यावी. सांधा झाला की घासायचा, गुळगुळीत करायचा, मग तेलाचा हात फिरवायचा आणि शेवटी पेटत्या चिंधीची काजळी द्यायचा. दोन तासांत नवा सांधा दहा वर्षांचा म्हातारा होऊन बसायचा.

पुढे नवे ट्रक आले. त्यांच्या सायलेन्सरच्या पोटात धुरातली काजळी अडवणारी जाळी होती. ती असलीच पाहिजे, असा सरकारचा नियम. पण जाळी चोंदली की गाडी चढावर दम टाकायची, आणि नव्या जाळीची किंमत ऐकून मालकाच्या घशाला कोरड पडायची. मग मालक शिंपीकडे यायचे. तो डबा कापायचा, जाळी काढून टाकायचा आणि रिकामा डबा पुन्हा असा शिवायचा की आईलाही आपलं लेकरू बदललेलं कळू नये.

"पोट तेच, फक्त आतडी काढली," तो म्हणायचा. मी हसायचो. तेव्हा हसायला काही लागत नव्हतं. वर्षाची तपासणी म्हणजे कुणीतरी वाकून डबा बघायचा आणि शिक्का मारायचा.

त्याची बायको दुकानामागच्या दोन खोल्यांत राहायची. आधी ती कपडे अंगणात वाळत घालायची, मग घरात घालू लागली. एकदा मी टायर काढायची लोखंडी पट्टी मागायला गेलो होतो, तेव्हा ती त्याला म्हणाली, "अहो, लोखंड शिवता ते खरं. हा धूर कोण शिवणार?"

"धुराला वारा नेतो."

"नेतो की. माझ्या छातीत नेऊन ठेवतो." आणि ती खोकायला लागली. खोकला लवकर थांबला नाही. शिंपी चहा अर्धा ठेवून उठला. त्या दिवशी त्याने संध्याकाळपर्यंत काच डोळ्यांवरून काढली नाही, काम नसतानाही.

मग नियम कडक झाला. जुन्या वजनकाट्याच्या आवारात तपासणी केंद्र उघडलं. वर्षातून दोनदा प्रत्येक जड गाडी तिथे न्यायची. आता वाकून बघणं संपलं, तारेच्या टोकाला बसवलेला कॅमेरा थेट सायलेन्सरच्या पोटात जायला लागला. डबा रिकामा निघाला तर गाडीचा परवाना कायमचा रद्द. जाळी आधीच्या मालकाने काढल्याचं सिद्ध झालं, तरच नव्या मालकाला मुदत. आणि शिवणाऱ्याच्या दुकानाला टाळं.

पहिल्यांदा सापडली ती वहिनी.

वहिनीचा नवरा दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. आमच्या दोघांचा दोस्त. एका उतारावर छातीत कळ आली, तरी त्याने गाडी कडेला लावली, हँडब्रेक ओढला आणि गेला. तेराव्या महिन्यात वहिनी गाडी शिकली. दोन वर्षांपूर्वी तिने जुना ट्रक घेतला. उंचीने एवढीशी, म्हणून सीटवर दोन उशा ठेवायची. तरी काचेतून नुसतं कपाळ दिसायचं. ढाब्यावरचे म्हणायचे, "ती बघा, बिनड्रायव्हरची गाडी आली." ती खाली उतरून त्यांच्याच खाटेवर बसायची आणि म्हणायची, "ड्रायव्हर नाही, मग चहाचे पैसे कोण देणार ते बघा."

केंद्रावरून ती सरळ शिंपीच्या दुकानी आली.

"भाऊजी, डबा रिकामा निघालाय. विकणारा म्हणतो, माझ्याकडे होती तेव्हा जाळी होती. म्हणजे मीच काढली. हे काम तुमचं आहे का, तेवढं सांगा."

शिंपी वाकून गाडीखाली गेला. बराच वेळ खाली राहिला. बाहेर आला तेव्हा हात पुसत होता.

"टाका दिसतोय का कुठे?"

"मला नाही दिसत."

"मलाही नाही," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ही गाडी गेली तर मी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभी राहणार, भाऊजी. ह्यांच्यासारखी." एवढं बोलून ती गेली. शिंपीने रॉड उचलला, पण त्या दिवशी त्याचं वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

सकाळी केंद्रातून निरोप आला. तिथल्या साहेबाला सांधा सापडत नव्हता आणि कुणीतरी सांगितलं होतं, लोखंडातलं त्या एकालाच कळतं. शिंपी मला म्हणाला, "चल." मी दुकानाचं शटर ओढून घेतलं.

आवारात अकरा ट्रक रांगेत उभे होते. त्यांतले निम्मेअधिक त्यानेच शिवलेले, हे मला ठाऊक होतं, ड्रायव्हरांना ठाऊक होतं. वहिनीची गाडी शेडमध्ये. सायलेन्सरचा डबा काढून टेबलावर ठेवलेला. साहेब तरुण होता, बोलायला नरम.

"बघा जरा, काका. उघडला कुणी, कधी, काही कळतं का? नाहीतर मला आज परवाना रद्द करावा लागेल. मलाही बरं वाटत नाही."

शिंपीने डब्यावरून अंगठा फिरवला. रांगेतून एकजण ओरडला, "काय शिंपी, चष्मा घरी राहिला का? दिसत नसेल तर नाही म्हणून सांग की." दोघे-तिघे हसले. हसण्यात आर्जव होतं आणि धमकीही.

"गॅस पेटवा," शिंपी म्हणाला.

त्याने ज्योत डब्याभोवती फिरवली. पत्रा तापला, पिवळसर झाला आणि मग केसाएवढी एक निळी रेघ त्यात उमटली. इतकी सरळ, इतकी एकसारखी की साहेबाच्या तोंडून "वा" निघालं आणि त्याने लगेच तोंड मिटलं.

"या रेघेवर कापा. आत डाव्या अंगाला काजळी पुसा."

कापलं. चिंधीने पुसलं. आत ठोकून कोरलेली एक छोटी सुई होती आणि तिच्याखाली महिना आणि साल. चार वर्षांपूर्वीचं. वहिनीने गाडी घेण्याआधी दोन वर्षं.

बावीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं म्हणे, झाकलं जाणाऱ्या कामावरही तारीख घालावी, लोखंडाला आपला जन्म ठाऊक असावा. बाहेर टाका दिसू द्यायचा नाही, ही त्याची ऐट. आत सही करायची, ही त्याहून मोठी.

"ही सुई कुणाची?" साहेबाने विचारलं.

"माझी."

"आणखी किती गाड्यांत आहे?"

शिंपीने रांगेकडे पाहिलं.

"उघडाल तिथे बघा, साहेब. सुई असली तर माझी. आणि तारीख खोटी नाही."

साहेबाने वहिनीच्या कागदावर लिहिलं, नवी जाळी बसवायला तीन महिन्यांची मुदत. तिने कागद घेतला, दोनदा वाचला.

"भाऊजी, काल का नाही बोललात?"

"काल टाका दिसत नव्हता."

त्याने खिशातून दुकानाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेब म्हणाला, "टाळं लावायला आमची माणसं येतील, किल्ली राहू द्या तुमच्याकडे." शिंपीने ती परत उचलली नाही.

तो फाटकाकडे निघाला तेव्हा रांगेतली पहिली गाडी सुरू झाली. मग दुसरी. एकेक गाडी मागे घेऊन सगळे रांगेतून बाहेर पडू लागले. ज्याने चष्म्याची थट्टा केली होती, तो खिडकीतून त्याच्या पायाशी थुंकला. आवार काळ्या धुराने भरलं. शिंपीने नाकाला रुमाल लावला नाही. पावलंही भरभर टाकली नाहीत.

मी त्याच्याबरोबर जायला हवं होतं. मी शेडच्या खांबाला धरून उभा राहिलो. वहिनी तिच्या दोन उशांवर चढून बसली होती, काचेतून नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. फाटकाबाहेर तो धुरात दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघंच त्याच्याकडे बघत होतो. घरी त्याच्या बायकोला अजून काहीच कळलं नव्हतं.