तात्यांनी ओळखलेली कपिली

तात्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. माझ्या बायकोला ते लग्नापासून नुसतं "सूनबाय" म्हणत, आणि माझ्या दोन मुलांपैकी थोरला कोणता हे दर खेपेला विचारून घेत. पण डोंगराच्या सोंडेवर चरणारी गाय खालच्या ओढ्यावरून नुसती ठिपक्याएवढी दिसली, तरी ती कोणाची, तिची आई कोणती, हे ते उभ्या उभ्या सांगत. तात्या माझे सख्खे चुलते. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. तिथे आणि आसपासच्या वाड्यांत गुरांचा तंटा "तात्यांना विचारा" म्हटलं की मिटायचा.

आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तंटे ठाऊक असतील. भात घरात आलं की गुरं मोकळी सोडतात. ती रानात चरतात, काही तिथेच वितात, आणि पेरणीच्या तोंडावर सगळी मिळून देवळापुढच्या माळावर उतरवतात. रानात जन्मलेलं वासरू कोणाचं, ते त्या दिवशी ठरायचं. ज्या वासरावर दोघांचा दावा असेल, ते तात्या रात्रभर गाईंपासून वेगळं कोंडायला लावत. सकाळी सोडलं की ज्या गाईच्या सडाला ते लागेल, ती त्याची आई. "जनावर खोटं बोलत नाय," ते म्हणत. "खोटं बोलतो तो मालक."

ते कोणाची भीड ठेवत नसत. एकदा आमच्याच दावणीचा गोऱ्हा सोडून त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिला. माझे वडील महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तात्या मात्र रोज संध्याकाळी ओटीवर येऊन बसत आणि म्हणत, "दादा, बोलू नको, पण तंबाखू दे." असा माणूस आपल्या पुतण्याच्या बाजूने निकाल देतो, तेव्हा त्यावर कोणी शंका घेत नाही.

कपिली आमच्याकडे आली ती अशाच एका निकालाने. त्या वर्षी आमच्या गाईमागून एक तांबूस पाडी माळावर उतरली, आणि खालच्या वाडीतल्या रखमाकाकीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्या चांदीची हाय ही," ती म्हणाली. "चांदीच्या सडांना फोड आलेत, ती पाजत नाय. म्हणून ही ह्यांच्या गाईला लागली. ह्यांचं वासरू मेलं असंल रानात."

"कोणी सांगितलं गो तुला? चांदीनं?" कोणीतरी ओरडलं, आणि सगळा माळ हसला. मीही हसलो.

सकाळी पाडी सोडली, ती थेट आमच्या गाईकडे धावली. तात्या म्हणाले, "रखमा, घरी जा." पण खोटा दावा करणाऱ्याने देवीपुढे नारळ ठेवून उंबऱ्यावर नाक घासायचं, असा आमच्या वाड्यांचा रिवाज. रखमाकाकी ऐकेना. शेवटी तिच्या नवऱ्यानेच तिला दंडाला धरून देवळात नेलं. "गावासमोर माझी मान खाली घालवलीस," एवढंच तो म्हणाला. तिने नाक घासलं. तेव्हापासून पोरं तिला पाडीचोर म्हणत. नदीवर जायला आमच्या घरावरून जवळची वाट होती, तरी ती वळसा घालून जाऊ लागली. काही वर्षांनी तिचा नवरा वारला. कपिली आमच्या गोठ्यात वाढली, व्याली. आमची मुलं तिचं दूध प्यायली.

अलीकडे गावठी गाईंचे नमुने घ्यायला एक पथक आलं. त्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांच्याकडे जाड पकडीसारखं यंत्र होतं. ते दाबलं की गाईच्या कानात बिल्ला बसे, आणि त्याच दाबात कानाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघून बारीक कुपीत पडे. बिल्ल्यावर आणि कुपीवर आकडा एकच. त्या तुकड्यावरून जनावराचं रक्ताचं नातं कळतं, असं बाईंनी समजावलं. तात्यांना फार मौज वाटली. "आतापर्यंत सोनारानं कान टोचायचे," ते म्हणाले. "आता आमच्या गाईंना डॉक्टरीण मिळाली!" लोक बिल्ला मारून घ्यायला कचरत होते. तात्यांनी घरोघर जाऊन त्यांना बाहेर काढलं. रखमाकाकीलाही निरोप धाडला, तिने म्हाताऱ्या चांदीला मुलाबरोबर पाठवलं.

बाईंची अट होती, एकमेकींच्या नात्यातल्या गाई नकोत. तात्यांनी चांदीवर आणि कपिलीवर हात ठेवून सांगितलं, "ह्या दोघींचा काय संबंध नाय. माझ्या जबाबदारीवर घ्या." कपिलीचा कान त्यांनी स्वतः धरला. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून नंबर माझा दिला.

बाईंचा फोन आला तेव्हा मी महाडला, कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होतो. एक नमुना बाद करावा लागला, एवढंच त्यांना कळवायचं होतं. त्यांनी दोन्ही बिल्ल्यांचे आकडे सांगितले. "ह्या मायलेकी आहेत. तुमचे तात्या तर संबंध नाही म्हणाले होते."

"कुप्यांची अदलाबदल झाली असेल," मी म्हणालो.

"मलाही तशी शंका आली. म्हणून पुन्हा तपासलं, साहेब."

मी शिफ्ट संपवून घरी आलो आणि कपडे न बदलता गोठ्यात गेलो. कपिलीचा कान हातात धरून बिल्ला एकेक आकडा लावून वाचला. पुन्हा वाचला. कंपनीच्या स्टोअरमध्ये माझं काम आकडे जुळवण्याचं. त्या दिवशी मात्र एखादा आकडा चुकीचा निघावा, असं मनापासून वाटत होतं. तो निघाला नाही.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते तंबाखू मळत होते. अंगठा थांबला.

"ती बोलली होती रे," ते म्हणाले. "सडाला फोड आलेत म्हणाली होती. चांदी बांधलेली होती खालच्या वाडीत, तिच्या गोठ्यात. मी बघायला गेलोच नाय."

मी जे बोललो ते लिहितानाही लाज वाटते. मी म्हणालो, "तात्या, कोणती गाय कोणाची, ते बाईंना ठाऊक नाही. आपण गप्प राहिलो तर..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "दावं सोड," ते म्हणाले.

उजेड असतानाच आम्ही कपिलीला घेऊन वाडीतून निघालो. दावं त्यांनी माझ्या हातात दिलं नाही. लोक दारातून विचारत, "काय तात्या, कुठं?" ते प्रत्येकाला थांबून सांगत, "रखमाची गाय रखमाला द्यायला." मी मागून खाली बघत चालत होतो. रखमाकाकीच्या अंगणात त्यांनी टोपी काढली. तिने गाईकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मला नुसती गाय नको. जिथं बोललात, तिथं बोला."

पुढच्या गावकीच्या बैठकीला तात्या देवळात उभे राहिले आणि सगळं सांगितलं. तरुण मंडळी त्यांना सावरायला लागली. "सोडा हो तात्या, यंत्राचं काय खरं! त्या बाईला गाई कळतात काय?" सबंध गाव यंत्र खोटं पाडायला तयार होता. रखमाकाकी खरी ठरण्यापेक्षा सगळ्यांना तेच सोपं वाटत होतं. तात्या त्यांच्याशी वाद घालत बसले नाहीत. त्यांनी नारळ ठेवला, वाकले, आणि उंबऱ्यावर नाक घासलं. गुडघे धरल्यामुळे त्यांना उठता येईना. दोघांनी धरून उठवलं.

रखमाकाकी बायकांत मागे उभी होती. ती पुढे आली.

"भावजी, तुम्ही बोललात, बरं झालं," ती म्हणाली. "पण आमचा माणूस मला खोटारडी समजूनच गेला. त्याला आता कोण सांगणार?"

 

त्यानंतर गुरं उतरली तेव्हा तात्या माळावर आले नाहीत. बोलवायला गेलेल्यांना म्हणाले, "दोन्ही गोठे बघून या, मग ठरवा. मी एकच बघितला होता." पुढच्या हिवाळ्यात ते गेले. शेवटी शेवटी त्यांना माणसं अजिबात ओळखू येत नव्हती. माझ्याकडे बघून ते दोनदा म्हणाले, "रखमाच्या मालकाला जरा बोलाव रे." मी "बोलावतो" म्हणालो.

कामावर जाताना माझी वाट रखमाकाकीच्या गोठ्यावरून जाते. माझ्या मोटारसायकलचा आवाज आला की कपिली अजून मान वर करून हंबरते. परवा काकी अंगणात शेण काढत होती. तिने वर पाहिलं.

"तिला अजून तुमचंच घर आपलं वाटतं," ती म्हणाली. "तिचा काय दोष?"

ती रागाने बोलली असती तर मी थांबलो असतो. शिफ्टची वेळ झाली, असं काहीतरी पुटपुटून मी गाडी पुढे काढली. वेळ अजून झाली नव्हती.